लघुपटाचे ‘दिसणे’ आधी ठरवा, कॅमेरा मग काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमधील हौशी आणि महाविद्यालयीन मुलांच्या लघुपटांविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून बातम्या येतात, त्या मी आवर्जून वाचतो. त्यांत कथेचे, अभिनयाचे आणि विषयाच्या वेगळेपणाचे कौतुक असते. पण तो लघुपट दिसायला कसा असावा हे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधाराने ठरवले, याबद्दल बहुधा अवाक्षरही नसते. चौतीस वर्षे फोटो स्टुडिओ चालवून मी आता निवृत्त झालो आहे आणि गेली काही वर्षे ओळखीतली मुले हक्काने बोलावतात म्हणून त्यांच्या चित्रीकरणांना जाऊन बसतो. त्या अनुभवावरून, विशेषतः मानसशास्त्रीय थरारपट या सध्या सर्वांत लाडक्या झालेल्या प्रकाराबद्दल, चार गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

हा प्रकार मुलांना का आवडतो, ते उघड आहे. पात्रे एक-दोन, जागा एक, मारामारी नाही, गर्दी नाही, खर्च कमी. त्यामुळे वर्षाकाठी असे लघुपट पुष्कळ निघतात आणि त्यांतले बरेचसे एकमेकांच्या सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. निळा-हिरवा रंग चढवलेली खोली, खिडकीत विनाकारण धूर, वर-खाली काळ्या पट्ट्या लावून अरुंद केलेली चौकट, थरथरणारा कॅमेरा, दर मिनिटाला डोळ्याचा क्लोजअप आणि सुरुवातीला रामकुंडावरून फिरणारा ड्रोन. एका बाईच्या डोक्यात चाललेली गोष्ट सांगायला आकाशातून गोदावरी कशाला दाखवायची, असे मी एका मुलाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “काका, ड्रोन एका दिवसासाठी मिळाला होता.” उत्तर प्रामाणिक होते, पण दोष नेमका त्यातच आहे. हाताशी जे आहे त्यावरून चित्रपटाचे रूप ठरते. गोष्टीला काय हवे आहे, तो विचार मागे पडतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीने आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात बारा मिनिटांचा असा लघुपट केला. कथा साधी होती. वाड्यातली बाकीची बिऱ्हाडे सोडून गेलेली आहेत, एक मध्यमवयीन स्त्री एकटीच राहते आहे. रात्री पितळी पातेल्यात भरून ठेवलेले पाणी रोज सकाळी दोन बोटे कमी झालेले दिसते, म्हणून ती शाळेतली लाकडी फूटपट्टी पाण्यात बुडवून मोजायला लागते. माळ्यावर कोणी राहते आहे की तिलाच रात्री उठून पाणी प्यायल्याचे आठवत नाही, हे शेवटपर्यंत सांगायचे नाही, असा बेत होता. मला कथा आवडली. मी विचारले, “हे दिसणार कसे?” त्यावर भाची म्हणाली, “मामा, लूक आपण ग्रेडिंगला बघू ना.” ग्रेडिंग म्हणजे चित्रीकरण झाल्यावर संगणकावर चित्राचे रंग बदलणे.

हे ‘ग्रेडिंगला बघू’ मला फार ठिकाणी ऐकू येते आणि त्यावर माझा आक्षेप आहे. संगणकावर रंग बदलता येतो, सावली मात्र कुठून पडली आहे ते बदलता येत नाही. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या उंचीवर होता की उभ्या माणसाच्या, हे बदलता येत नाही. खोली मोठी वाटते की अंगावर येते, हेही चित्रीकरणाच्या क्षणी ठरून गेलेले असते. म्हणून मी त्या मुलांना एक दोनशे पानी वही घ्यायला लावली आणि पहिल्या पानावर एकच वाक्य लिहायला सांगितले: आपण काय दाखवतो आहोत? दोन संध्याकाळी वाद झाला आणि शेवटी वाक्य ठरले, ‘घर तसेच आहे, तिचे पाहणे बदलते आहे.’ माझ्या मते त्या लघुपटाचे निम्मे काम तिथेच झाले, कारण त्या एका वाक्याने पन्नास गोष्टी आपोआप बाद केल्या. घर तसेच आहे, म्हणजे धूर नको, भिंतींना नवा रंग नको, दिव्यांची उघडझाप नको, माळ्यावर मुद्दाम लावलेली जळमटे नकोत. बदलायचे ते फक्त कॅमेऱ्याचे अंतर, लेन्स आणि प्रकाशाचे प्रमाण.

अशा कथेत सर्वांत आधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे कॅमेरा हा कोणाचा डोळा आहे. आपण त्या बाईच्या मनात बसून पाहतो आहोत की बाहेर उभे राहून तिच्याकडे पाहतो आहोत? दोन्ही चालते, पण न ठरवता दोन्हींची खिचडी केली की प्रेक्षक संशयात पडण्याऐवजी नुसता गोंधळतो. मुलांनी असे ठरवले की पहिली आठ मिनिटे कॅमेरा तिला जे दिसते तेवढेच दाखवेल. ती ज्या खोलीत नाही, ती खोली कॅमेराही दाखवणार नाही. नवव्या मिनिटाला मात्र एकच दृश्य असे असेल की ती झोपलेली आहे आणि कॅमेरा माळ्याच्या जिन्यावरून खाली पाहतो आहे. हे कोण पाहते आहे? याचे उत्तर द्यायचे नाही. हा शॉट कागदावर वाचतानाच माझ्या अंगावर काटा आला. त्यात ना रक्त होते ना किंकाळी. एरवी पाळलेला नियम एकदाच मोडला म्हणूनच त्याला वजन आले. डोळ्याच्या क्लोजअपचेही तसेच आहे. ‘प्रभात’च्या १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’च्या हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांचा डोळा पडदाभर दिसला आणि तो लोकांच्या लक्षात राहिला. दर मिनिटाला डोळा दाखवणाऱ्याचा एकही डोळा लक्षात राहत नाही.

लेन्सविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे मुलांचा मोठा गैरसमज असतो. जवळून घेतले की भीती वाढते असे त्यांना वाटते. रुंद लेन्स, म्हणजे चोवीस मिलिमीटरच्या आसपासची, लावून माणसाच्या जवळ गेले की चेहरा पुढे येतो आणि मागची खोली लांब पळते. लहानसे माजघरसुद्धा दालनासारखे वाटते. उलट कॅमेरा मागे नेऊन पंच्याऐंशीची लेन्स लावली आणि माणसाचा आकार चौकटीत तेवढाच ठेवला, तर मागची भिंत त्याच्या पाठीला येऊन टेकते. आमच्या कथेत घर हळूहळू तिच्यावर चालून यायला हवे होते, म्हणून सुरुवात रुंद लेन्सने आणि शेवट लांब लेन्सने करायचा ठरला. पण दहा फुटी माजघरात मागे जायला जागा कुठली? तेव्हा कॅमेरा चौकात मांडला, मधली ओसरी ओलांडून माजघराच्या दारातून आत पाहिले. एका अडचणीतून दोन गोष्टी साधल्या. भिंत जवळ आलीच, शिवाय दाराची काळी चौकट चित्राच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली आणि बाई त्या फटीत अडकल्यासारखी दिसू लागली. वर-खाली काळ्या पट्ट्यांची आडवी चौकट त्यांनी त्याच दिवशी सोडून दिली. वाड्याची दारे अरुंद, जिने उभे, खांब उंच. तिथे जुनी चारास तीन या प्रमाणाची चौकट जशी बसते तशी आडवी बसत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर चित्रीकरण असते, तर मी उलट सांगितले असते.

रंगांच्या बाबतीत तर आपल्या जुन्या नाशिकने फुकट देणगी देऊन ठेवली आहे, पण ती बघायला कोणाला सवड नाही. चुन्यात नीळ घालून रंगवलेल्या भिंती, धुराने आणि तेलाने काळ्या पडलेल्या सागवानी तुळया, कडीपाटाचे छत, पितळेची भांडी. फिकट निळा, काळा आणि पिवळसर तांबूस, एवढ्यातच सगळे रंग संपतात. सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटे चौकातले आकाश गडद निळे होते आणि आत साधा पिवळा बल्ब लावलेला असला, तर कोणत्याही संगणकाविना गार आणि उबदार असे दोन प्रकाश एकाच चौकटीत शेजारी उभे राहतात. त्या वेळेत दिवसाला जेमतेम दोन शॉट होतात, म्हणून मुलांनी त्या शॉटची तालीम दुपारीच करून ठेवली. काढून टाकायच्या वस्तू मात्र पुष्कळ निघाल्या: लाल प्लॅस्टिकची बादली, जांभळी पायपुसणी, भिंतीवरचे रंगीत कॅलेंडर. कॅलेंडर उतरवल्यावर वाड्याच्या मालकीणबाई चांगल्याच रागावल्या. “एकादशी तुमच्या सिनेमाला विचारायची का?” असे त्यांनी विचारले आणि त्यांचे चुकले नव्हते. मग कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराआड गेले.

आता आमची फजिती सांगतो. पाहणीला गेलो त्या रात्री गल्लीतल्या खांबावर सोडियमचा जुना दिवा होता. त्याचा पिवळा पट्टा खिडकीच्या गजांतून थेट पातेल्यावर पडत होता. सोडियमच्या प्रकाशाचे रंगमान सुमारे दोन हजार केल्विन असते, म्हणजे तो फारच पिवळा-तांबूस असतो, आणि त्याखाली लाल लुगडे काय आणि हिरवे काय, दोन्ही जवळजवळ सारखीच मळकट दिसतात. आपल्याच घरातली ओळखीची वस्तू परकी वाटावी, यासाठी याहून चांगला दिवा नाही. आम्ही रात्रीची सगळी दृश्ये त्या पट्ट्याभोवती बांधली, वहीत नकाशे काढले. तीन आठवड्यांनी सामान घेऊन गेलो तो खांबावर पांढराशुभ्र एलईडी. गल्लीतली म्हातारी माणसे खूश होती, रास्तच आहे, रात्री पायाखालचे दिसू लागले. आमचा मात्र चित्रपटच विझला. शेवटी नाटकाची प्रकाशयोजना करणाऱ्या एका जुन्या मित्राकडून दिव्यावर लावायचा नारिंगी पारदर्शक कागद, म्हणजे जिलेटिन, आणले, समोरच्या घराच्या सज्ज्यात एक दिवा बांधला आणि थर्माकोलला चिरा पाडून गजांच्या सावल्या केल्या. जमले, पण पहिली रात्र हातची गेली.

दुसरी रात्र त्याहून मूर्खपणाने गेली आणि त्यात माझाही दोष होता. स्वयंपाकघरात चोकवाली जुनी ट्यूबलाइट होती. चित्रीकरण फोनवर होते आणि मुलांनी सेकंदाला तीस चित्रे व साठांश सेकंदाचे शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी तेवढाच वेळ उजेड आत घेणे, असे आकडे एका परदेशी व्हिडिओत पाहून लावले होते. सकाळी पाहतो तो प्रत्येक शॉटमध्ये भिंतीवर उजेडाच्या पट्ट्या सरकत आहेत आणि चित्र फडफडते आहे. कारण अगदी साधे आहे. अमेरिकेत विजेचा प्रवाह सेकंदाला साठ आवर्तनांचा आहे, आपल्याकडे पन्नास. आपली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते आणि शटर तिच्याशी जुळले नाही की असे होते. सेकंदाला पंचवीस चित्रे आणि पन्नासांश सेकंदाचे शटर ठेवले असते, तर काही झाले नसते. स्टुडिओत इतकी वर्षे घालवलेल्या माणसाने हे पहिल्या दिवशी विचारायला हवे होते. मी विचारले नाही. निळा-हिरवा रंग उसना घेतल्यावर मी मुलांना बोललो होतो, पण आकडेही उसनेच आहेत, हे माझ्या लक्षात आले नाही. शिवाय फोन आपल्या मनाने रंग आणि उजेड बदलत होता. बाई बल्बकडून ट्यूबलाइटकडे गेली की भिंत तिच्याबरोबर पिवळ्याची निळी होत होती. व्हाइट बॅलन्स (रंगाचे माप) आणि एक्स्पोजर (उजेडाचे माप) दोन्ही कुलूपबंद करा, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.

काळोखाबद्दलही एक सांगायचे आहे. अंधार दाखवायचा म्हणून सगळे चित्रच कमी उजेडात घेतले, तर पडद्यावर अंधार दिसत नाही, राखाडी चिखल दिसतो आणि फोनवर तर त्यात दाणे उडतात. डोळ्याला काळे काळे वाटायला शेजारी काहीतरी उजळ लागते. आमच्या शेवटच्या दृश्यात बाई फूटपट्टी पातेल्यातून बाहेर काढते. सगळे स्वयंपाकघर काळोखात आहे, तिचा चेहराही अर्धाच दिसतो आणि पट्टीवर पाण्याची ओली रेघ तेवढी चमकते, सहाच्या आकड्याच्या जरा खाली. ती चमक मिळवण्यासाठी एक मुलगा तासभर पाटाखाली पांढरा पुठ्ठा धरून बसला होता. काळ्या कापडाने बाकीचा उजेड अडवला होता. पट्टीही तीनदा बदलली, कारण नव्या पट्टीवरच्या वॉर्निशमुळे ओले आणि कोरडे यांतला फरकच दिसेना. शेवटी वाड्याच्या मालकीणबाईंनीच त्यांच्या मुलाची जुनी पट्टी काढून दिली.

सावल्यांचे असे नियोजन ही काही आजची चैन नव्हे. १९२० सालच्या एका प्रसिद्ध जर्मन मूकपटात वेड्या मनाचे जग दाखवायला सावल्या चक्क पडद्यांवर आणि जमिनीवर रंगवून घेतल्या होत्या. आणि आपण तर दादासाहेब फाळक्यांच्या गावचे. ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरी झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकमध्येच वारले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर येण्यापूर्वी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस एकेक चित्र घेत टिपली होती. चित्र रोज थोडेच घ्यायचे, पण कॅमेरा हलवायचा नाही आणि उजेड सांभाळायचा. पुढे रोप कसे दिसणार आहे, ते कुंडी ठेवतानाच ठरलेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे, तिथे आपण सहलीला जातो, भेळ खातो आणि परत येतो.

म्हणून आपल्या दैनिकाच्या माध्यमातून नाशिकमधील लघुपट स्पर्धांच्या आयोजकांना विनंती करावीशी वाटते. प्रवेशिकेबरोबर पटकथा मागता, तसा चार पानांचा दृश्य-आराखडाही मागावा. कॅमेरा कोणाचा डोळा आहे, रंग कोणते ठेवले आणि कोणते काढले, उजेड कुठून येतो आणि कोणता नियम कुठे मोडला आहे, एवढे मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले तरी पुरे. रेघोट्या ओढलेल्या चित्रांची वही जोडली तरी चालेल. चित्रकला चांगली असण्याची गरज नाही. परीक्षकांनी तो आराखडा लघुपट पाहिल्यानंतर वाचावा, आधी नव्हे, म्हणजे ठरवलेले पडद्यावर उतरले की नाही ते कळेल. अठ्ठेचाळीस तासांत लघुपट करून आणा, अशा स्पर्धांना माझा विरोध नाही. त्यात उत्साह असतो. पण थरारपटासाठी एक रात्र तरी नुसत्या चाचणीला हवी, कारण कोणत्या बल्बखाली चेहरा कसा दिसतो हे बल्ब लावल्याशिवाय कळत नाही. आणि ‘उत्कृष्ट छायाचित्रण’ हे पारितोषिक दरवेळी ड्रोनला मिळू नये, एवढी इच्छा.

आयोजकांसाठी अखेरची गोष्ट प्रदर्शनाविषयी आहे. आमचा लघुपट शहरातल्या एका सभागृहात दाखवला गेला, तेव्हा बाजूची दोन दारे हवेसाठी उघडी होती, व्यासपीठावर समईसाठी लावलेला दिवा तसाच होता आणि प्रोजेक्टर आदल्या कार्यक्रमातील भाषणांच्या स्लाइड दाखवण्यासाठी होता तितकाच उजळ ठेवलेला होता. ओली रेघ कोणालाच दिसली नाही. माझ्या मागे बसलेल्या गृहस्थांनी शेजाऱ्याला विचारले, “ती बाई पट्टी कशाला बघते आहे?” दारे लावून, दिवा घालवून कार्यक्रमाआधी प्रत्येक लघुपटाचे एक मिनिट पडद्यावर चालवून पाहिले, तर वीस लघुपटांना वीस मिनिटे लागतात. पुढच्या वेळी तेवढा वेळ पत्रिकेतच धरावा.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार
पंचवटी, नाशिक